नाकाच्या वतनाची बखर

श्री जलाधिपति प्रसन्न. पाणी जेथून येते त्या स्थळास एक नमस्कार, आणि वापरून सोडिलेले पाणी जेथे जाते त्या स्थळास दोन नमस्कार, कारण की पहिल्याची आठवण सर्वांस राहते आणि दुसऱ्याची कोणासही राहत नाही. शके सोळाशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एका राज्यात खारकुंडाचा प्रसंग गुदरला, त्याची हकीकत वडिलांचे मुखें ऐकिली तैसी लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यांचे होते त्यांस ठाऊक आहे, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांनी आपापले गावाबाहेरचे नाले पाहोन ओळखावे.

त्या राज्याची राजधानी नदीकाठी, आणि नदीकाठी रंगाऱ्यांची नऊशे घरे. त्यांच्या लाल पागोट्यांस दूरदेशी मागणी, आणि रंग पक्का बसावा म्हणोन ते तुरटी घालीत, हिराकस घालीत, अलीकडे गंधकाचा तेजाबही घालू लागले, आणि काम जाहले की सर्व पाणी नाल्यात सोडीत आणि हात धुवोन मोकळे होत. त्या पाण्यात गंधकाचा खार उतरे. तो डोळ्यांस दिसेना, नाकास कळेना, परंतु पोटास बरोबर कळे. नदीच्या खालच्या अंगास दुसरे राज्य होते, तेथील पानमळे करपले, आणि एके वर्षी तेथील फौज स्वारीस निघाली ती नदीचे पाणी प्याली आणि शत्रूचे तोंड न पाहता तीन दिवस झाडीच्या आडच बसोन राहिली. मग खालच्या दरबाराने खलिता पाठविला की, पाच वर्षांत खार काढावा, पाचवे वर्षी आमचे वकील येऊन तुमचे पाणी कढईत आटवून पाहतील, आणि बुडास खार राहिला तर सरहद्दीवर बांध घालोन सर्व पाणी तुमच्याच अंगावर परतवू. हे वाचोन महाराज बहुत कष्टी जाहले, कारण बांध पडला असता प्रथम ती नऊशे घरेच बुडत होती.

मग जाणत्यांनी सल्ला दिला आणि गावाबाहेर खारकुंड बांधिले. तीन पुरुष खोल, चुनेगच्ची, वर सागवानी फळ्यांचे छत, वारा आत शिरू नये म्हणोन सांधी लाखेने बुजविलेल्या, आणि मधोमध एक तोंड, त्यास उचलते झाकण. आत दलदलीचा चिखल आणि शेणकाला घातला. त्यात डोळ्यांस न दिसणारी प्रजा राहते, तिची दोन घराणी. एक ज्योतकऱ्यांचे, ते जळता वायू सोडितात, तो नळीने मुदपाकखान्यात नेला होता आणि त्यावर महाराजांचा भात शिजे. दुसरे खारखाऊंचे, ते खार खातात आणि नासक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडितात, त्याने चांदी काळी पडते, डोळे झोंबतात, आणि फार जाहला तर मनुष्य जागीच मरतो. दोघांचे जेवण एकच, साखरघराची मळी. मळी फार पडली तर ज्योतकरी माजतात आणि खार तसाच राहतो, आणि मळी कमी पडली तर खारखाऊ उपाशी मरतात आणि तरीही खार तसाच राहतो. त्यात पाणी आंबले तर तो दुष्ट वायू पाण्यात नांदत नाही, सगळा वर उठतो, म्हणोन चुना घालोन पाणी ताळ्यावर ठेवावे लागते. एक शेर खारास दोन शेर मळी, पाण्यास दोन दिवस विसावा, आणि चुन्यास हात आखडता न घेणे, इतके सांभाळिले तर कुंड गाईसारखे. न सांभाळिले तर विहिरीसारखा दिवा उतरवोन आतील हवाही पाहता येत नाही, कारण जळता वायू भरलेला, दिवा उतरविणारा दिव्यासकट जाईल.

हे सर्व पाहावयास कुंडनीस नेमिले ते गिरमाजीपंत त्रिमळ. त्यांच्या घराण्याकडे नाकाचे वतन होते. हसो नये, खरोखर होते. पंतांचे आजे मुदपाकखान्यात तुपाची पारख करीत, आणि कढ उठला की तुपात कोणत्या गवळ्याने काय मिसळिले ते नावानिशी सांगत, म्हणोन थोरल्या महाराजांनी त्यांस जमीन आणि सनद दिली की, वंशपरंपरेने जोवर नाक चालेल तोवर खावे. तेव्हां कुंड होताच दरबारास वाटले की, वासाचे काम आहे, नाकवाल्यांकडेच द्यावे. आणि रीत ऐसी पडली की, रोज सूर्योदयी कुंडनिसाने कुंडाच्या तोंडाशी जावे, गाळकऱ्यांच्या नायकाने झाकण सरकवावे, कुंडनिसाने वास घ्यावा आणि पुकारावे, निर्वास, हलका, मध्यम, भारी किंवा असह्य, आणि कारकुनाने वाऱ्याच्या वरल्या अंगास दूर उभे राहोन ते लिहावे, आणि त्या एका शब्दावर दिवसभराची मळी, चुना आणि पाणी ठरावे. पहिले वर्ष उत्तम चालिले. दुसरे वर्षी आश्विनात पंतांस ज्वर आला, बारा दिवस राहिला आणि गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. घरात फोडणी जळाली तरी कळेना, देवापुढे धूप लाविला तरी कळेना. पंतांनी कांदा हुंगिला, हिंग हुंगिला, गोठ्यात जाऊन उभे राहिले, काही नाही. नाक गेले म्हणजे वतन गेले, जमीन गेली, आणि आज्यांच्या नावावर पाणी पडले, आणि लोकांत जे हसे होईल ते निराळेच. पंतांनी कोणास सांगितले नाही. घरी सगुणाबाईंस तेवढे ठाऊक, कारण खारट आमटीस कोणी चूक म्हणेल, परंतु करपलेली खीर मागून घेणाऱ्या नवऱ्याचे काहीतरी बिघडले आहे हे बायकोस कळतेच.

मग प्रश्न ऐसा की, रोजची नोंद कशी करावी. त्यास पंतांनी युक्ती काढिली. गाळकऱ्यांचा नायक म्हाळोजी, चाळिशीचा, रुंद चेहऱ्याचा मनुष्य, झाकण सरकवावयास रोज समोर असे. पंत कुंडाकडे वाकत आणि तिरप्या नजरेने म्हाळोजीचे तोंड पाहत. ते कोरे राहिले तर निर्वास, डावी भुवई चढली की हलका, नाकपुड्या फुगल्या की मध्यम, कारले चावल्यासारखे तोंड जाहले की भारी, आणि मुंडाशाचा शेव नाकाशी गेला की असह्य. या हिशेबाने तीन वर्षे नोंदी जाहल्या आणि एकही चुकलेली कोणास आढळली नाही, आणि दरबारात लोक म्हणत की, नाक असावे तर त्रिमळांचे. पंत ते ऐकोन हसत आणि घरी येऊन जेवणावरून उठोन जात. मनुष्य अपराध करितो आणि त्यास शाबासकी मिळते, याहून वाईट शिक्षा नाही.

ऐसे करिता पाचवे वर्ष लागले आणि खालच्या दरबाराचे वकील मार्गशीर्ष वद्य द्वादशीस येणार ऐसी खबर आली. तेव्हां दिवाण चिंतोपंत यांनी कंबर बांधिली. चिंतोपंत मोठे हौशी, केवड्याचे अत्तर इतके लावीत की ते येण्यापूर्वी त्यांची वर्दी पोचे. त्यांनी हुकूम केला की, वकिलांस नगर पांढरेशुभ्र दिसावे, आणि कुंडाचे कोठीतील सर्व चुना उचलोन रस्त्यांच्या भिंतींस फासिला. आणि वकिलांचे मेजवानीस मद्य हवे म्हणोन ताजी मळी भट्टीकडे वळविली आणि कुंडास आंबलेली, फेस आलेली मळी पाठविली. वद्य पंचमीस ती कुंडात पडली. पंत रोज जास्वंदीच्या फुलांच्या पाण्यात कुंडाचे पाणी मिळवोन पाहत, बरे असले तर जांभळे, आंबले असले तर लाल. षष्ठीस ते लाल जाहले, सप्तमीस रक्तासारखे जाहले. पंतांस कळले की हे ठीक नाही. जावोन दिवाणांशी भांडावे ऐसे मनात आले, परंतु भांडण पेटले तर चार माणसे कुंडापाशी येतील, वासावर वाद होईल, कोणी म्हणेल पंत हा वास कसला सांगा, या भयाने ते एक मिळमिळीत चिठी लिहोन गप्प बसले. चिठी दिवाणांच्या गादीखाली गेली. बखरकार कोणास दोष देत नाही, परंतु येथे देतो.

वद्य नवमीस म्हाळोजी पहाटेपासोन छताच्या फुटलेल्या सांधी लाखेने बुजवीत कुंडावरच बसला होता. सूर्योदयी पंत आले, म्हाळोजीने झाकण सरकविले, पंत वाकले आणि तिरपे पाहिले. भुवई चढली नाही. नाकपुडी हालली नाही. म्हाळोजीचे तोंड पाटीसारखे कोरे. पंतांनी पुन्हा पाहिले, तरी कोरेच, परंतु कारकून लेखणी बुडवोन उभा होता आणि पंतांपाशी दुसरे माप नव्हते. त्यांनी पुकारिले, निर्वास. पाच वर्षांत तो शब्द प्रथमच लिहिला गेला. कारकून धावत दरबारी गेला, दिवाणांनी तोफा सोडविल्या, हत्तीवरून साखर वाटिली, आणि लगोलग हुकूम जाहला की, वास गेला म्हणजे विष गेले, तरी वकील येण्यापूर्वी कुंडाचे पाणी रातोरात सोडोन बुडाचा पाच वर्षांचा गाळ उपसावा, म्हणजे पाणी मोकळे होऊन कढईस खार लागणार नाही. उद्या दशमीस प्रहर दिवसास महाराजांसमक्ष म्हाळोजी गाळकरी प्रथम उतरेल.

दुपारी पंत पानावर बसले होते आणि म्हाळोजी दोर मागावयास ओसरीवर आला होता. सगुणाबाई वाढीत होत्या, तोच चुलीवरचे दूध उतू जाऊन निखाऱ्यांवर पडिले आणि करपले. शेजारची बाई भिंतीपलीकडून ओरडली, “अहो, दूध करपतंय कुणाचं!” सगुणाबाई पळाल्या. पंतांस काही कळले नाही ते नित्याचेच, परंतु त्यांनी सवयीने म्हाळोजीचे तोंड पाहिले आणि त्यांचा घास हातात राहिला. धूर ओसरीवर पसरला होता आणि म्हाळोजीचे तोंड कोरेच होते. पंतांनी विचारिले, “म्हाळोजी, काही करपल्याचे तुला कळले नाही?”

म्हाळोजी म्हणाला, “न्हाई जी. सकाळपास्नं डोकं जड झालंया, डोळं झोंबत्यात, आन् नाकात काय बी घुसंना. पडसं आलं आसंल.”

पंतांनी हातातला घास पानात ठेविला. त्यांस उमगले की, कुंडातला वास गेला नव्हता, वायू इतका माजला होता की त्याने प्रथम नाक मारिले. चोर घरात शिरताना प्रथम कुत्र्यास विष घालितो, त्यातला प्रकार. सकाळी जो निर्वास लिहिला तो सर्वांत भयंकर दिवस होता, आणि उद्या प्रहर दिवसास म्हाळोजी त्यात उतरणार, आणि बुडास पाय लागण्यापूर्वी मरणार, आणि त्यास काढावयास त्याचा भाऊ उडी घेणार आणि तोही मरणार. पंत पानावरून उठले. म्हणाले, “म्हाळोजी, उद्या तू उतरू नकोस. आजारी पड.” म्हाळोजीने मान हालविली. “आमच्यात पाळी आसती जी. म्या पडलो तर धाकटा उतरंल. धाकटा पडला तर चुलत्याचा ल्योक. खाली कुनी तरी जातंच.” म्हाळोजी दोर घेऊन गेला.

मग पंत तसेच उपाशी दिवाणांकडे गेले आणि म्हणाले की, दशमी गाळ काढण्यास चांगली नाही, एकादशीही नाही, चार दिवस थांबावे. चिंतोपंत हसले आणि म्हणाले, “पंत, वकील काय पंचांग पाहोन येतात? आपणच लिहिले ना निर्वास? सही आपली, अक्षर कारकुनाचे, नाक त्रिमळांचे. आता कच खाता?” पंत म्हणाले, “मला संशय येतो.” दिवाण म्हणाले, “संशय येतो की वास येतो? वास येत असेल तर म्हणा, आत्ताच्या आत्ता काम थांबवितो.” पंतांच्या ओठांवर आले होते. तेथे चार कारकून बसले होते, एक पंखावाला होता, दिवाणांचा जावई पान लावीत होता. पंतांनी त्या सर्वांकडे पाहिले आणि म्हणाले, “नाही, सहज म्हटले,” आणि घरी आले. सगुणाबाईंनी दारातच तोंड पाहिले आणि विचारिले, सांगितलेत का? पंत म्हणाले, नाही. त्या म्हणाल्या, “वतन गेलं तर मी दळण दळीन, त्याला लाज नाही. पण उद्या म्हाळोजीची बायको माझ्या दारात येऊन उभी राहिली, तर तिला मी काय वाढू?”

वद्य दशमी, प्रहर दिवस. कुंडाभोवती मांडव, महाराज गादीवर, कुंडापासोन दहा हात दूर, वाऱ्याच्या वरल्या अंगास, मानकरी उभे, वाजंत्री तयार, आणि गाळकऱ्यांची बायकामुले कडेस बसलेली. म्हाळोजीने कमरेस दोर बांधिला, कुंडास नारळ दिला, आणि झाकण सरकवून तोंडाशी बसला, पाय आत सोडावयाचे इतकेच राहिले. दोराचे दुसरे टोक धाकट्या भावाचे हाती. तेव्हां गिरमाजीपंत पुढे जाहले आणि दोरावर पाय देऊन उभे राहिले. दिवाण खेकसले, “पंत, पाय काढा, मुहूर्त टळतो.” पंत म्हणाले, “महाराज, कोणी उतरू नये. आत मृत्यू आहे. कालची नोंद खोटी आहे.” महाराजांनी विचारिले, “आणि परवाची?” पंत म्हणाले, “परवाचीही. तीन वर्षांच्या सर्व नोंदी माझ्या नाकाने जाहल्या नाहीत. ज्वर आला त्या आश्विनापासोन माझे नाक मेले आहे. मला फुलाचा वास येत नाही आणि मढ्याचाही येत नाही.”

मागे कोणी फिस्सकन हसले. पंतांस वाटले होते की, सत्य सांगण्याचेच काय ते कठीण, एकदा सांगितले की ते आपल्या पायांवर उभे राहील. परंतु दिवाण मोठे वस्ताद. त्यांनी हात जोडोन अर्ज केला, “महाराज, तीन वर्षे खोटे लिहिणारा आजच खरे बोलतो हे कशावरून? आणि नाक मेलेला मनुष्य सांगतो की वास आहे, हा तर आंधळ्याने वाट दाखविण्याचा प्रकार. नाक नाही म्हणतात, तर आत मृत्यू आहे हे यांस कळले कोठून? वकील परवा येतात. काम चालू द्यावे.” आणि मानकऱ्यांनी माना डोलविल्या, कारण बोलणे रास्त होते. म्हाळोजीने एक पाय आत सोडिला. पंतांचा दोरावरचा पाय निघाला नाही. ते ओरडले, “माझे मानू नका! दिवाणजींचे नाक माना! त्यांनी येथे तोंडाशी येऊन दहा पळे उभे राहावे, आणि तोवर म्हाळोजीने वर थांबावे. इतके द्या, मग माझा कडेलोट करा.” महाराजांनी मान हालविली.

चिंतोपंत उपरणे सावरोन ऐटीने गेले आणि वाकले, आणि वाकताच त्यांचे तोंड कसनुसे जाहले, परंतु क्षणात खुलले. म्हणाले, “एक झुळूक आली आणि गेली. निर्वास!” पंत म्हणाले, “थांबावे.” दिवाणांचे डोळे लाल जाहले, पाणी गळू लागले, तरी ते म्हणाले, “निर्वास. हवा शुद्ध.” पंत दोरावरून न हालता म्हणाले, “आता आपल्या बाहीचे अत्तर हुंगावे.” दिवाणांनी हसत उजवी बाही नाकाशी नेली. हसू राहिले, परंतु बाही खाली येईना. मग डावी बाही हुंगिली. मग कानातला फाया काढिला आणि नाकपुडीत जवळजवळ कोंबिला. महाराज दहा हातांवर बसले होते आणि त्यांस दिवाणांच्या मागे राहिलेला केवडा येत होता, मानकऱ्यांस येत होता, कडेस बसलेल्या पोरांस येत होता, आणि ज्यांनी लाविला त्यांसच येत नव्हता. चिंतोपंतांनी फाया खाली टाकिला. “महाराज,” ते म्हणाले, “येत नाही. माझे मलाच येत नाही.” मग कोणास काही सांगावे लागले नाही. धाकट्या भावाने दोर असा ओढिला की म्हाळोजी कुंडाच्या तोंडापासोन चार हात फरफटत आला, आणि त्याची बायको धावत येऊन त्यास गर्दीत सर्वांदेखत दोन चापट्या मारोन रडू लागली.

मग महाराजांनी कुंडाचे झाकण लावविले, सर्वांस दूर नेले आणि तेथेच उभ्याने निवाडा मांडिला. विचारिले, “पंत, नाक नव्हते, तर तीन वर्षे नोंदी बरोबर कशा आल्या?” पंत म्हणाले, “म्हाळोजीचे तोंड पाहोन लिहीत असे.” महाराजांनी म्हाळोजीस पुढे बोलाविले. “तुला हे ठाऊक होते?” म्हाळोजी खाली पाहोन म्हणाला, “व्हय जी. पयल्याच म्हैन्यात कळलं. एक डाव वास हलकाच हुता, म्या उगंच गंमत म्हनून तोंड वाकडं केलं, आन् ह्यांनी भारी म्हनून लिवलं. तवापास्नं म्या नीट करून दावायचो, ह्यांची चूक हुऊ नये म्हनून.” महाराजांस राग आला. म्हणाले, “मग सरकारात का कळविले नाहीस? नाकवाला दुसरा कुंडनीस दिला असता.”

म्हाळोजी म्हणाला, “त्यासाठीच न्हाई सांगितलं जी. दुसरं पंत आलं आसतं, त्यांनी त्यांच्या नाकानं वास घेतला आसता, कागुद लिवला आसता आन् घरला गेलं आसतं. ह्ये पंत रोज सकाळी माझ्या तोंडाकडं बघायचं. आमी खाली उतरनारी मानसं. आमच्या तोंडाकडं बघनारं दुसरं कोन हाय ह्या राज्यात?”

महाराजांनी ते ऐकोन घेतले. मग निवाडा केला तो ऐसा की, गिरमाजीपंतांनी सरकारास फसविले, सबब नाकाचे वतन जमिनीसुद्धा जप्त. आजपासोन कुंडाची नोंद कोणा एकाच्या नाकावर होणार नाही. आणि कुंडात जो उतरणार त्याने स्वमुखें हो म्हटल्याखेरीज कोणाचीही सही चालणार नाही. पंतांस विचारिले की, शिक्षेत काही मागणे आहे काय. पंत म्हणाले, “चाकरी कोणतीही द्यावी, कुंडावरची द्यावी.” तेव्हां त्यांस दोरकरी नेमिले.

द्वादशीस वकील आले. त्यांस लपवाछपवी न करिता कुंडावर नेले, आणि झाकण सरकविताच त्यांचे काठीची चांदीची मूठ पाहता पाहता काळी पडली, आणि वकील चार पावले मागे सरोन म्हणाले की, चैत्रापर्यंत मुदत देतो, आत्ता येथून चला. मग कामास लागले. भिंतींचा चुना तर खरवडोन आणता येत नव्हता, नवा भाजविला. मळी ताजी, मापाने. लोहारांकडोन गंजके लोखंड आणोन कुंडात टाकिले, ते त्या दुष्ट वायूस धरोन काळा गाळ होऊन बसे. आणि बाजूस एक उथळ उघडे कुंड बांधोन त्यात पाणी नेऊन भात्याने थोडका वारा दिला, तेव्हां त्या वायूचा पिवळा गंधक होऊन तरंगू लागला. परंतु भाता थोडा जाहला तर वास राही, आणि फार जाहला तर गंधकाचा पुन्हा खार होऊन सर्व श्रम फुकट जात, म्हणोन दोन महिने भाता कमी जास्त करण्यातच सर्वांच्या नाकी नऊ आले. चांदीचा घासलेला पत्रा तोंडाशी टांगिला, तो प्रथम घटकेत काळवंडे, मग दिवसात, मग चार दिवसांत. फाल्गुन शुद्ध सप्तमीस कुंडातले पाणी उघड्या कुंडात सोडोन, छताच्या फळ्या काढोन कुंड आठ दिवस वाऱ्यास उघडे ठेविले. पत्रा आठही दिवस पांढरा राहिला, आणि म्हाळोजी म्हणाला, आता उतरतो.

पंतांनी दोर हातास दोन वेढे देऊन धरिला. धाकट्या भावाने मागितला, तो दिला नाही. म्हाळोजी उतरला. त्याचे तोंड दिसेनासे जाहले, आणि पंतांपाशी आता पाहावयास काही राहिले नाही, फक्त दोर. त्यांनी हाक मारिली, खालून ओ आली. पुन्हा मारिली, पुन्हा ओ आली. तिसऱ्या हाकेस काही आले नाही आणि दोर सैल पडला. पंतांनी सर्व बळ लावोन ओढिले, वेढ्यांखालची कातडी सोलली, तरी ओढिले, आणि म्हाळोजी अर्ध्यात लोंबकळत ओरडला, “आवं पंत, घमेलं भरायला वाकलो हुतो! जरा दम धरा की!” गाळकरी मोठ्याने हसले. पंत हसले नाहीत. त्यांनी त्यास पुरता वर काढिले, त्याचे तोंड दोन्ही हातांत धरोन उजेडाकडे वळविले, नीट पाहिले, आणि मगच पुन्हा खाली सोडिले.

एवंच हकीकत. चैत्रात वकिलांची कढई स्वच्छ निघाली आणि बांध पडला नाही. त्रिमळांचे वतन गेले ते गेलेच. म्हाळोजी गाळकरी त्यानंतर एकोणीस वर्षे कुंडात उतरत राहिला, आणि दर वेळेस वर आला.